पाचांपैकी चौघे हयात

बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना वर्षानुवर्षं ऐकणारे लोक माझ्या चुका काढतील, आणि चुका असणारच, कारण ट्रेनिंगच्या फॉर्मची गोष्ट सुरू होईपर्यंत मी त्यांचं एकही गाणं ऐकलं नव्हतं.

इथे आखातात, आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षानंतर आठ आठवडे एखाद्या कंपनीत ट्रेनिंग करावं लागतं. ते झालं नाही तर पुढच्या वर्षात घेत नाहीत. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी ऑफिसात होतं. माझे बाबा एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. शाळांचे, दुकानांचे, मशिदींचे एसी त्यांना आतून माहीत. पण ऑफिसात जाऊन कुणाला काय विचारायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शेवटी बाबा मला आमच्या खैतान वस्तीतून महबूल्यातल्या एका साहेबांकडे घेऊन गेले. साहेब मूळचे नाशिकचे, पेट्रोकेमिकल कंपनीत वरच्या हुद्द्यावर, शिवाय आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा एसी बाबांनी एकदा सुट्टीच्या दिवशी येऊन दुरुस्त करून दिला होता, एवढीच ओळख.

त्यांना काका म्हणावं की सर, हे मला जिन्यापासून ठरवता येत नव्हतं. त्यांनी फॉर्म वाचला, फाईलमध्ये ठेवला आणि विचारलं, "तुझं मराठी कसं आहे?"

"बरं आहे, सर."

"मग आधी एक काम कर. सही मंडळाच्या कार्यक्रमानंतर."

काम असं होतं. मंडळातल्या चार तरुण इंजिनियरांनी मिळून एका अमेरिकन रॉक बँडची गाणी बसवली होती आणि त्यांना शुक्रवारच्या कार्यक्रमात ती वाजवायची होती. कमिटीचं म्हणणं, मराठी मंडळात इंग्रजी गाणी कशी? बराच वाद होऊन तोडगा निघाला की गाणी इंग्रजी असली तरी निवेदन शुद्ध मराठीत हवं, आणि त्यात बँडच्या कारकिर्दीचा आढावा हवा. मंडळातल्या इतर घरांतल्या मुलांना विचारलं तर ती इंग्रजीत उत्तरं देत होती. म्हणून मी.

चौघांपैकी गिटार वाजवणारा पुण्याचा दादा मला माहिती देणार होता. तो भराभर बोलायचा आणि मी वहीत उतरून घ्यायचे. अमेरिकेतल्या छोट्या गावातली पाच मुलं. एकाच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये सुरुवात. पहिली रेकॉर्ड कुणी घेतली नाही, दुसरी सगळ्यांनी घेतली. मग ड्रमरने हॉटेलच्या लिफ्टमध्ये घोडा नेला. त्याला काढलं. पुढे नशेपायी तो वारला. नवा ड्रमर आला, पण चाहते अजून जुन्यालाच मानत. गायक आणि गिटारवाला सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. रोज संध्याकाळी एकत्र गायचे आणि दोन वेगळ्या बसमधून पुढच्या गावाला जायचे. बेसवाला मधेच सगळं सोडून मधमाश्या पाळायला गेला आणि चार वर्षांनी परत आला. निरोपाचे दौरे आतापर्यंत तीन.

"तीन कसे?" मी विचारलं.

"दर वेळी शेवटचाच असतो," दादा म्हणाला. "आता पुढच्या महिन्यात परत आहे."

घरी मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते जेवताना ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखेच. मी पण तीनदा कायमचो गावाक गेलंय."

मी मजकूर साहेबांना पाठवला. दोन दिवसांनी तो परत आला, तळाशी 'रिव्हिजन एक' असं लिहून. साहेब घरचा किराणाही रिव्हिजनशिवाय मागवत नसतील. घोडा खोडून त्यांनी समासात लिहिलं होतं, 'कुटुंबे येतात. प्रकृती अस्वास्थ्यामुळे, असे करावे.' मी केलं. मग गायकाचे दोन घटस्फोट गेले, तिथेही प्रकृती आली. सहा वर्षांचा अबोला, मारामारी, नशा, मधमाश्यासुद्धा, सगळ्या जागी प्रकृती. रिव्हिजन चारला मी मोजलं तर 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' अकरा वेळा होतं. वाचताना मला त्या पाच जणांची काळजी वाटायला लागली. पण साहेबांनी खाली 'अंतिम' लिहिलं होतं, आणि माझा फॉर्म त्यांच्या फाईलमध्ये होता.

शुक्रवारी दुपारी मी शाळेच्या हॉलवर पोचले तर स्टेजच्या डाव्या बाजूला समई लावलेली. शेजारी स्टूलवर बँडचा मोठा फ्रेम केलेला फोटो. फोटोला चंदनाच्या सालींचा हार.

मी दादाला गाठलं. तो वायर जोडत होता.

"दादा, ते जिवंत आहेत ना?"

"कोण?" त्याने वर फोटोकडे पाहिलं आणि हातातली वायर खाली ठेवली. "अरे देवा. हे सरांनी केलं?"

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी? या महिन्यात माझं अप्रेझल आहे, त्यांच्याकडेच. तू सांग. तू लहान आहेस, तुला काही म्हणणार नाहीत."

साहेबांची चूक तरी कशी म्हणणार? आमच्या मंडळात आजवर ज्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेतला गेला ते सगळे गेलेलेच होते. त्यात त्यांनी स्वतःच अकरा वेळा त्या माणसांना आजारी पाडलं होतं. शेवटी ते वाचून त्यांना दुसरं काय वाटणार?

तेवढ्यात आई-बाबा आले. बाबांनी चपला स्टेजच्या पायरीशी काढल्या, फोटोसमोर जाऊन हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "एकाच दिवशी गेले काय गो सगळे?"

"बाबा, त्यातले चार जिवंत आहेत."

"मगे हार कित्याक?"

बाबांनी साहेबांकडे पाहिलं, ते माईकवर 'हॅलो, हॅलो' करत होते. जिवंत माणसाला असा हार म्हणजे अपशकुन, हे बाबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते म्हणाले, "ऱ्हवांदे. तुझो फॉर्म त्येंच्याकडे आसा." आणि चपला घालून मागच्या रांगेत जाऊन बसले.

मी निवेदन केलं. आवाज बरा आला. प्रत्येक 'प्रकृती अस्वास्थ्या'ला पुढच्या रांगेतल्या काकू हळहळत होत्या. शेवटचं गाणं राहिलं तेव्हा साहेब स्टेजवर आले आणि माझ्या शेजारी उभं राहून म्हणाले, "या थोर कलावंतांच्या स्मृतीस अभिवादन म्हणून आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

खुर्च्या सरकल्या. बाबाही उठले, मान खाली घालून, हात पुढे बांधून उभे राहिले. त्यांना खरं काय ते माहीत होतं, तरी माझ्यासाठी ते उभे होते. ते मला बघवेना.

"काका," मी म्हटलं. माईक चालू होता. "एकच गेलेत."

"काय?"

"पहिले ड्रमर. बाकी चौघे आहेत. पुढच्या महिन्यात त्यांचा दौरा आहे."

हॉलमध्ये कुणी बसेना. साहेबांनी फोटोकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"पाच जणांना दोन मिनिटं," ते म्हणाले, "म्हणजे एकाला चोवीस सेकंद. उभे रहा."

त्यांनी घड्याळ लावून चोवीस सेकंद घेतले. मधेच एका मुलाने आईला इंग्रजीत विचारलं, कोण गेलं? आई कुजबुजली, "ड्रमर." मग एक काकू स्टेजवर आल्या आणि हार सेफ्टी पिनने असा वर घेतला की तो फक्त ड्रमरवर यावा. बेसवाल्याचा एक खांदा तरीही त्यात राहिला. दादा आणि मंडळींनी शेवटचं गाणं वाजवलं.

चहाच्या टेबलापाशी साहेबांनी मला बोलावलं. आता फॉर्म सहीशिवाय परत देतात, असं धरून मी गेले.

"ते हयात आहेत हे रिव्हिजन चारमध्ये कुठे होतं?"

"नव्हतं, सर. मला वाटलं, लिहायची गरज नाही."

"आणि हार कधी बघितलास?"

"तीन वाजता."

"आणि बोललीस साडेपाचला."

"हो, सर."

त्यांनी चहा ढवळला. "अडीच तास," ते म्हणाले. "आमच्याकडे प्लँटमध्ये अडीच तासांत काय होतं, माहितेय?" मला माहीत नव्हतं. "रिव्हिजन पाच कर. कोण कशामुळे गेला, कोण आहे, कोण कुठे. खरं लिही. घोडासुद्धा."

मी शनिवारभर बसून सगळं पुन्हा लिहिलं. नशा नशेच्या जागी, घटस्फोट घटस्फोटांच्या जागी. प्रत्येकाच्या पुढे हयात की नाही ते. ज्याची खात्री होईना, त्या बँडच्या जुन्या मॅनेजरपुढे 'समजले नाही' असं लिहिलं. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी सकाळी ऑफिस उघडताच पाठवलं.

दुपारी बाबा साहेबांच्या कंपनीच्या गेटवर जाऊन फॉर्म घेऊन आले. सही होती, शिक्का होता. विभागाच्या रकान्यात साहेबांनी सेफ्टी लिहिलं होतं. मला वाटत होतं अकाउंट्स मिळेल.

कॉलेजात तो जमा करताना खिडकीतल्या बाईंनी कंपनीचं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, ही जागा तुला कशी मिळाली? मी म्हटलं, ओळखीने. नीट सांगायला वेळ लागला असता, आणि माझ्या मागे रांग होती.