ढब्बूमार्फत

कंडक्टरबाई आणि तिची सासू एकाच घरात राहत, पण एकमेकींशी बोलत नसत. तिचा पोरगा ढब्बू धड पालथाही पडत नव्हता तेव्हा बाई परत ड्यूटीवर रुजू झाली. सासू म्हणाली, "मांजरीसुद्धा पिलाला इतक्या लवकर सोडत नाही." झालं, अबोला धरला तो धरलाच. नवरा ट्रकवर, कायम बाहेरगावी. त्याला या भानगडीत पडायचंच नव्हतं.

बोलणं व्हायचं ते पोरामार्फत.

"ढब्बू, आईला सांग, गॅस संपत आलाय."

"ढब्बू, आजीला सांग, मला डोळे आहेत."

ढब्बू आळीपाळीने दोघींकडे बघून हसायचा.

तो नावाचाच ढब्बू. हृदयात जन्मापासून दोष. ऑपरेशन झालं, पण उपयोग झाला नाही. चालायला लागला तसा धाप लागून खाली बसायला लागला, मग बसूनच राहिला. शेवटी डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं. "आता इथे ठेवून नुसत्या सुया टोचायच्या. घरी न्या. जवळ घ्या."

"म्हणजे घरी बरा होईल?" सासूने विचारलं. डॉक्टरांनी घरी लावायच्या ऑक्सिजन मशीनची चिठ्ठी लिहायला घेतली.

बाईने रजा टाकली. ऑक्सिजनचं मशीन कपाटाशेजारी दिवसभर घरघरत असायचं. ढब्बूला आडवं ठेवलं की श्वास कोंडायचा, म्हणून कुणीतरी सतत छातीशी उभं धरायचं. एकीचे हात भरून आले की दुसरी मुकाट्याने पुढे यायची.

शेजारीण डोकावून म्हणाली, "देव तारी त्याला कोण मारी."

"मग देवाला म्हणावं, तासभर मांडी दे," सासू म्हणाली. शेजारीण पुन्हा फिरकली नाही.

एका दुपारी दूध घशात अडकलं. ओठ निळे पडले. बाईने त्याला हातावर पालथं घेतलं आणि ओरडली, "आई, मशीन वाढवा!"

"हे बटण?"

"ते नाही, खालचं! खालचं!"

ठसका सुटला, पोर रडलं. दोघी जमिनीवरच बसल्या. जरा वेळाने सासू म्हणाली, "आण इकडे. तू दोन घास खाऊन घे." ढब्बूचं नाव मध्ये आलं नव्हतं.

पुढे त्याचा चेहरा फुगला. सासू हरखली. "बघ गं, गाल भरले!"

ती सूज होती. डॉक्टरांनी बाईला आधीच सांगून ठेवलं होतं.

"हो, आई," बाई म्हणाली.

एका सकाळी बाई आंघोळीला गेली असताना ढब्बू गेला, सासूच्या खांद्यावर. ओल्या केसांनी बाहेर आलेल्या बाईला सासूने खुणेने गप्प केलं. "आत्ताच डोळा लागलाय."

बाईने त्याच्या पायाला हात लावला. मग शेजारी बसली आणि सासूला त्याला धरू दिलं. नवरा येईपर्यंत सासूने त्याला खाली ठेवलं नाही.

रजा संपल्यावर बाई कामावर गेली. पहिल्याच फेरीत एकीने कडेवरचं मूल पुढे करून विचारलं, "याचं तिकीट लागतं का हो?"

"नाही लागत," बाई म्हणाली आणि पुढच्या सीटकडे वळली.

संध्याकाळी डेपोत तिने साहेबांकडे आतलं, तिकीट खिडकीवरचं काम मागितलं. जागा रिकामी नाही, असं त्यांनी सांगितलं. ती अजून बसवरच आहे.