आधी बोल, मग 'आ' कर

"आधी बोल, मग 'आ' कर."

दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतले दातांचे डॉक्टर प्रत्येकाला हेच सांगत. तळमजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटची पुढची खोली म्हणजे दवाखाना. खुर्ची एकच. पण पेशंटनं आधी त्यांच्यासमोर वेताच्या स्टुलावर बसायचं. ते इतका वेळ ऐकत, की मागचे लोक कंटाळून एकमेकांना आपापल्या दाढा दाखवत.

मी त्यांच्याकडे गेले ती दुसऱ्या एका दवाखान्यातून पळून.

मानेसरच्या कारखान्यांच्या गेटवर कामगारांना पत्रकं वाटणारी मुलगी मी. सुपरवायझरला घाबरत नसे. जबडा दुखायला लागला म्हणून वाटेतल्या गुडगावच्या एका मॉलमधल्या क्लिनिकमध्ये शिरले. तिथला क्रम तुम्हीही पाहिला असेल: आधी आडवं करतात, तोंडात आरसा आणि नळी घालतात, आणि मग प्रश्न विचारतात. समोरच्या पडद्यावर माझी दाढ गुहेएवढी दिसत होती. घशात पाणी साचलं होतं, गिळता येत नव्हतं.

"दर्द कैसा है, मैम?" माझ्याहून लहान दिसणाऱ्या डॉक्टरनं विचारलं.

आईचा एक शब्द तेवढा आठवला. "कळ... येते."

"कल? बिल्कुल. कल चार बजे. चार रूट कॅनाल हैं, शुरू कर देते हैं।"

उठून बसायच्या आत मी संमतीच्या कागदावर सही केली होती. इतरांना 'न वाचता सही करू नका' असं छापून वाटणारी मी. हे लिहायला आजही लाज वाटते.

संध्याकाळी आईनं डॉक्टरकाकांसमोर नेऊन बसवलं.

"कळ येते," मी म्हणाले.

"ते आई म्हणते. तुला काय होतं? ठणकतं? दात आंबतात?"

दिल्लीत वाढलेली मी. मला ना ठणका माहीत, ना आंबणं. काका एकेक समजावत गेले: ठणका म्हणजे गळू पिकल्यासारखं, कळ म्हणजे वीज चमकल्यासारखी. मला शब्द सापडेपर्यंत त्यांनी हत्यार उचललं नाही.

"आवळल्यासारखं," मी शेवटी म्हणाले. "सकाळी उठल्यावर."

मग 'आ'. त्यांनी चारही दाढा आरशाच्या दांड्यानं हलकेच वाजवून पाहिल्या, एक्स-रे काढला.

"दाढा ठणठणीत आहेत. तू झोपेत दातओठ खातेस. अगं, तो वाक्प्रचार आहे, व्यायाम नव्हे."

आई हसली. मला हसू आलं नाही. उद्या चार वाजता तिथं जाऊन 'नाही' कोण म्हणणार? फोनवर ते गोड बोलून पुन्हा बोलावतील आणि मी जाईन, हे मला आतून कळत होतं. काकांनाही कळलं असावं. "चल, मी येतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं गेलो. मी काउंटरपाशी उभी राहून म्हटलं, "नहीं करवाना।" काउंटरमागच्या मुलीनं तीनदा कारण विचारलं, मग मॅनेजरला बोलावलं. तोही तेच बोलला, फक्त हळू आवाजात. मी प्रत्येक वेळी तेवढंच म्हटलं. शेवटी तिनं सही केलेला कागद परत दिला. काका सोफ्याच्या कडेला बसून काचेपलीकडच्या ओळीनं मांडलेल्या खुर्च्या बघत होते. आठ खुर्च्या, आठ उघडी तोंडं.

परतताना मी तावातावानं पत्रक रचत होते. त्या पोरट्या डॉक्टरला धडा शिकवायचा होता.

"त्याच्याही मानेवर कुणीतरी बसलंय, दिवसाच्या दाढा मोजत," काका म्हणाले. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. मयूर विहार आल्यावर ते दांडी धरून उठले आणि म्हणाले, "त्या खुर्चीत आडवा झालो असतो ना, तर मीही सही केली असती."

त्या हिवाळ्यात ते गेले. दवाखान्याच्या जाळीला कुलूप आहे. अजूनही कुणीतरी गाल धरून येतं, कुलूप हलवून बघतं, इकडंतिकडं पाहतं. मग तसंच गाल धरून मेट्रोच्या जिन्याकडं वळतं.