अव्वांच्या ताकातली गोळी

माझ्या सासूबाईंच्या छातीत टिकटिक वाजायची. चेष्टा नाही, खरंच वाजायची. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन त्यांच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. ती काढून मुंबईच्या डॉक्टरांनी तिथं धातूची बसवली. दुपारी अव्वा बाजेवर पडल्या की शेजारी बसणाऱ्याला ती टिकटिक स्पष्ट ऐकू येई. उदगीरच्या आमच्या गल्लीतल्या बायका मुद्दाम जवळ सरकून ऐकायच्या, आणि अव्वा नवा दागिना दाखवावा तशा मान वर करून ऐकवायच्या.

त्या झडपेची एक अट होती. रोज एक गोळी, जन्मभर. रक्त पातळ ठेवणारी. गोळी चुकली तर धातूवर रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली तर माणूस बसल्या जागी जातो. गोळी जास्त झाली तर उलट पंचाईत, रक्त सुरू झालं की थांबत नाही. मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते, "मधोमध चालायचं." आता अव्वांनी उभ्या आयुष्यात मधोमध म्हणून काही केलेलं नव्हतं. भाजीत मीठ घातलं तर तोंडात धरवत नसे आणि शेजारणीशी अबोला धरला तर तो सहा वर्षं टिकत असे. म्हणून गोळीचं खातं माझ्याकडं आलं. मी बारावी सायन्स झालेली सून. हे सायन्स मी सासरी इतक्या वेळा काढून दाखवलं होतं की आमचे हे मला वैतागून 'डॉक्टरीण' म्हणायचे.

रोज संध्याकाळी अव्वांची लिंगपूजा झाली, कपाळावर विभूती लागली, की मी पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन उभी राहायची. आणि रोज आमचं भांडण व्हायचं.

"रोज रोज रक्त पातळ करायलीस माझं. उद्या नुसतं पाणी होईल त्याचं."

"झालं तर बरंच आहे अव्वा. टँकरची वाट बघायला नको."

"लई शानी हायेस. घाल तोंडात."

हे भांडण मिटवायचा प्रयत्न आमच्या ह्यांनी लग्नानंतर पहिले सहा महिने केला, मग सोडून दिला. भांडल्याशिवाय अव्वांच्या घशाखाली गोळी उतरत नसे आणि माझ्या घशाखाली जेवण.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. पाट्यांवरचा उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलेला रंग अजून चकाकत होता. आधी दर महिन्याला अव्वांचं रक्त तपासायला आम्ही नांदेडला जायचो. जिल्हा झाल्यावर अव्वांनी जाहीर केलं की आपला जिल्हा असताना परक्या जिल्ह्यात रक्त काढून द्यायचं नाही. त्यापुढं लातूर. तपासणीला दहा मिनिटं लागायची आणि गंजगोलाईच्या बाजारात लुगडी उलथीपालथी करायला तीन तास. घेत काही नसत. पण दुकानदारानं शंभर लुगडी उलगडून दाखवल्याशिवाय त्यांना बरं वाटत नसे.

त्या वर्षी दुष्काळ होता. सलग दुसरं वर्ष. आमच्या ह्यांची मोंढ्यात धान्याची आडत होती, पण आवकच नव्हती. हे दुकानात बसून एकच वर्तमानपत्र तीनदा वाचून घरी यायचे. गल्लीत दोन दिवसाआड टँकर यायचा. ते पाणी कुठल्या विहिरीचं, कुणी विचारत नव्हतं. विचारायला लागलं तर रांगेतली घागर मागं राहायची. मी गाळून घ्यायची. उकळायला हवं होतं हे बारावी सायन्सला शिकवलं होतं, पण रॉकेलही रांगेतच मिळत होतं. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. चूक माझीच होती.

उन्हाळ्याच्या शेवटी गल्लीत कावीळ शिरली. एकेका घरातून डोळे पिवळे होऊन माणसं बाहेर पडू लागली. अव्वांना आधी अन्नाचा वास नकोसा झाला. मग एका सकाळी त्या मिसरी लावत बसल्या होत्या, तेव्हा डोळे बघितले मी. हळदीत बोट बुडवून फिरवावं तसे.

"अव्वा, लातूरला जायचं. आजच."

"कशाला? काविळीला डॉक्टरकडं औषध असतंय का कुठं?"

हे वाक्य एकट्या अव्वांचं नव्हतं. आमच्या भागात ते सगळ्यांचं होतं. ताप, जुलाब, मोडलेलं हाड, हे सगळं डॉक्टरचं. कावीळ मात्र माळेची. आणि माळेचा विषय निघाला म्हणजे शिरूर अनंतपाळहून अव्वांच्या धाकट्या बहीण येणारच. आमच्या ह्यांच्या मावशी. त्या आल्याच, दुसऱ्याच दिवशी, पहिल्या एसटीनं.

मावशींच्या गावाजवळ एक आजोबा रविवारी काविळीची माळ द्यायचे. त्या रविवारी आम्ही तिघी तिकडं गेलो. कसल्याशा वेलीच्या काड्यांचे तुकडे सुताला गाठी मारून बांधलेले. माळ आधी डोक्यावर मुकुटासारखी बसते, मग रोज थोडी थोडी सैल होत गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर. माळ उतरली की कावीळ उतरली. काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सैल पडणार आणि दोरा लांबणार, हे मला बघताक्षणी कळलं. पण ते बोलायची ती जागा नव्हती. माळेबरोबर एक हिरवी पूड मिळायची, दोन वेळा ताकातून घ्यायची. आणि पथ्य. तेल नाही, तिखट नाही, हळद तर डोळ्यांनीसुद्धा बघायची नाही. शेवटचं पथ्य आजोबांनी बोट वर करून सांगितलं, "माळ अंगावर हाय तवर दुसरं औषध न्हाई. एक कण बी न्हाई. गुण जातंय."

अव्वा माळेचा मुकुट घालून घरी आल्या. मावशी, शेजारच्या चार बायका, सगळ्यांच्या समोर त्यांनी गोळ्यांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढं सरकवला.

"ठेव तुझी पेटी. माळ उतरेपर्यंत गोळी बंद."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. अव्वा तर टक लावून बघत होत्या. आता ही सायन्स काढणार, असं मावशींच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

मी "बरं अव्वा," म्हणाले आणि डबा उचलून आत गेले.

माझ्या डोक्यात तोवर सगळं ठरलं होतं. भांडून काय होणार? चार बायकांपुढं अव्वा ऐकणार नाहीत, हट्टाला पेटतील. गोळी तर एक दिवसही चुकायला नको. तेव्हा माळ त्यांना घालू दे, पूड त्यांना पिऊ दे, आणि त्याच ताकात मी गोळी घालीन. पूड इतकी कडू होती की तिच्या आड उंट लपला असता. संध्याकाळी खलबत्त्यात गोळी कुटली, ताकात ढवळली आणि नेऊन दिली. अव्वांनी नाक मुरडत सगळं पिऊन टाकलं. मी आत येऊन एकटीच हसले. इतकी हुशार सून उदगिरात दुसरी नसेल, असं मला त्या वेळी मनापासून वाटलं.

असे सहा दिवस गेले. माळ गळ्यात आली. मावशी सगळ्या गल्लीला माळेची उंची दाखवत होत्या. अव्वांच्या दंडावर एक निळा डाग दिसला. "बाजेला लागलं असंल," त्या म्हणाल्या. मिसरी लावताना हिरड्यातून रक्त आलं. "मिसरी जुनी हाय." ते बघून मला शंका यायला हवी होती. पण मी रोज एकच गोळी देत होते, ठरलेली. त्यात बिघडणार काय? 

सातव्या दिवशी भर दुपारी अव्वांचा घोळणा फुटला. मावशींनी कांदा फोडून नाकाशी धरला. मी डोक्यावर पाणी मारलं, तेही टँकरचं, मोजून. रक्त थांबेना. पदर भिजला, पंचा भिजला. अव्वा पहिल्यांदाच गप्प बसल्या होत्या.  दुकानातून ह्यांना बोलावलं, मोंढ्यातली एक जीप मिळाली आणि आम्ही चौघं लातूरला निघालो. रस्ताभर मी अव्वांचं नाक चिमटीत धरून बसले होते आणि त्यांच्या छातीची टिकटिक ऐकत होते. माणूस सासूच्या बाबतीत इतका घाबरतो, हे मला त्या रस्त्यावर समजलं.

लातूरच्या डॉक्टरांनी आधी नाकात पट्टी भरली, रक्त तपासायला दिलं, मग डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. माळेकडं बघून त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

"पूडही दिली असेल?"

"हाव," मावशी म्हणाल्या.

"कसली?"

"झाडपाल्याची."

"कुठल्या झाडाची?"

"ते सांगत नसतेत. सांगितलं की गुण जातंय."

डॉक्टरांनी झाडाचा विषय सोडून दिला. मग आम्हाला समजेल असं सांगितलं. रक्त गोठायला जे लागतं ते लिव्हर बनवतं. ही गोळी पोटात गेल्यावर तिचा निचराही लिव्हरच करतं. काविळीत लिव्हरच आजारी. म्हणजे गोठवणारं कमी बनतं आणि गोळी अंगात जास्त दिवस टिकते. रोजचीच गोळी अशा वेळी भारी पडते. डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी रक्त तपासून गोळी कमी करायला हवी होती.

"गोळी रोज चालू होती?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," अव्वा नाकातल्या पट्टीतून म्हणाल्या. "माळ घातल्यापासून बंद हाय."

आता माझी पाळी होती. ह्यांच्याकडं बघितलं, मावशींकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"चालू होती," मी म्हणाले. "मी ताकातून देत होते. कुटून."

मावशींच्या तोंडाचा आ झाला. डॉक्टर मला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. शिकलेल्या माणसानं असं करायचं, इथून सुरुवात झाली आणि बराच वेळ शेवट आला नाही. मी खाली मान घालून ऐकलं. मग त्यांनी तपासणीचा कागद पुन्हा हातात घेतला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"कावीळ हिशेबात धरली तरी रोजच्या एका गोळीनं रक्त इतकं पातळ होऊ नये. दोन दिल्यात का?"

"नाही हो. एकच. शपथ घेते."

 मग अव्वांनी कमरेची चंची सोडली. सुपारी निघाली, अडकित्ता निघाला, चुन्याची डबी निघाली. सगळ्यात खालून गोळ्यांचं एक पाकीट निघालं. सहा घरं फुटलेली.

"मी बी घेत होते," अव्वा म्हणाल्या. "सकाळच्याला. तुझ्याच डब्यातलं पाकीट उचलून, न्हाणीत जाऊन."

म्हणजे सकाळी चोरून एक अव्वांची आणि संध्याकाळी चोरून एक माझी. आणि मधे आजारी लिव्हर. आमचे हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते मला आजवर कळलेलं नाही, विचारलं तर "तुला काय करायचंय" म्हणतात.

अव्वांना दवाखान्यात ठेवून घेतलं. इंजेक्शन दिलं, गोळी बंद केली. पण झडप धातूची, त्यामुळं फार दिवस बंदही ठेवता येईना. रोज रक्त काढायचं, रोज कागद बघायचा. पहिले तीन दिवस डॉक्टर कागद बघून काहीच बोलत नव्हते. त्या तीन दिवसांत मी मनातल्या मनात अव्वांची इतक्या वेळा माफी मागितली की तोंडानं मागायला काही शिल्लक राहिलं नाही. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "उतरतंय," आणि नाकातली पट्टी काढली. मावशींनी माळ गुपचूप काढून पिशवीत टाकली.

त्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी अव्वांना चमच्यानं भाताची पेज भरवत होते. चार दिवसांचा साठलेला प्रश्न बाहेर पडला.

"घ्यायचीच होती गोळी, तर मला सांगायचं ना. चोरून कशाला?"

अव्वांनी पेज गिळली. 

"तुला कशाला सांगायचं? मी म्हणलं गोळी बंद, तर तू 'बरं अव्वा' म्हणलीस. डबा घेऊन आत बी गेलीस. मला वाटलं, आता ही भांडंल. बहिणीपुढं चार शब्द बोलंल, मग मी म्हणीन, सून ऐकत न्हाई, काय करू, आण ती गोळी. तू भांडलीच न्हाईस." त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणलं, हिला आता आपण नको झालो. मग माझी मीच घेऊ लागले."

मी चमचा पेजेच्या वाटीत ठेवला.

चार दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. मी रडायला हवं होतं, पण आमच्या घरात तशी सवय नाही. मी उठून उभी राहिले आणि भांडायला लागले. तुम्हाला काय वाटलं, मी तुम्हाला मरू देईन? रोज संध्याकाळी तांब्या घेऊन काय हौसेनं उभी राहते? खलबत्ता कुणासाठी बडवत होते? आणि त्या न्हाणीत चोरून गोळ्या खाताना लाज कशी नाही वाटली, ह्या वयात? आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली आणि नर्स धावत आली. पेशंटशी असं बोलतात का, म्हणून ती मला बाहेर काढायला लागली.

अव्वांनी तिचा हात धरला. डोळे अजून पिवळट होते, पण तोंडभर हसत होत्या.

"राहू दे गं बाई तिला," त्या म्हणाल्या. "बोलू दे. लई दिसानं बोलायलीय."