बुर्गीसाठी वाढवलेलं इंजिन

रोस्विथा झेंगेर्ले आमच्या खालच्या मजल्यावर राहायची, तिच्या धाकट्या बहिणीसोबत. बहिणीचं नाव वालबुर्गा, पण सगळं गाव तिला बुर्गी म्हणायचं. दोघींनी लग्न केलं नव्हतं. दोघींचं भांडण सकाळच्या कॉफीला सुरू व्हायचं आणि जिन्यातून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. दक्षिण जर्मनीतल्या आमच्या आल्गॉयमधली माणसं तशी कमी बोलतात. या दोघी अपवाद.

रोस्विथाने गावाबाहेरच्या पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं बोअरिंग मशीन चालवलं होतं. लोखंडात भोक पाडायचं आणि ते केसाच्या जाडीइतकंही चुकू द्यायचं नाही, हे तिचं काम. बुर्गी त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होती. जून महिना आला की दोघी रजा टाकून आपल्या कॅम्परमधून, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीतून, ऑस्ट्रियातला फर्न घाट ओलांडायच्या आणि इटलीतल्या गार्डा तळ्याकाठी तीन आठवडे मुक्काम ठोकायच्या. गाडी शहात्तर सालची. इंजिन मागच्या बाजूला, हवेवर थंड होणारं, सोळाशे सीसीचं.

मग बुर्गीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं मात्र शाबूत राहिलं. रोस्विथाने गाडीच्या बाजूच्या दाराला बुर्गीची चाकांची खुर्ची उचलून आत घेणारी लिफ्ट बसवली, खाली लोखंडी चौकट टाकली, आणखी एक बॅटरी जोडली. गाडीचं वजन दोनशे किलोंनी वाढलं. तरी पुढच्या जूनमध्ये त्या निघाल्या.

दुसऱ्याच दिवशी परत आल्या. फर्न घाटातल्या चढावर गाडी पहिल्या गिअरवर आली, मागे ट्रकांची रांग लागली, माणसं काचा खाली करून ओरडू लागली आणि एका वळणावर गाडी बंदच पडली. तिथे बुर्गी म्हणाली, "पुढच्या वर्षी मला घरी ठेव आणि तू एकटी जा. मी आता सामानात जमा झालेय."

रोस्विथाने गाडी वळवून उताराने घरी आणली. हे मला बुर्गीनेच सांगितलं.

दोन दिवसांनी मी खाली गेले तर रोस्विथा गाडीखाली आडवी झालेली, नुसते बूट दिसत होते.

"काय चाललंय?"

"इंजिन उतरवतेय. लहान पडतं."

"मग नवी गाडी घ्या ना."

"नव्या गाडीत बुर्गीची खुर्ची बसेल. बुर्गी बसेल का, ते तिलाच विचार."

त्यांच्या खिडकीतून बुर्गीचा आवाज आला, "मी बसणार नाही! नव्या गाड्यांना प्लास्टिकचा वास येतो!"

पहिल्या खेपेला रोस्विथाने घाई केली. इंजिनाच्या जुन्या कवचात तसेच सरकतील असे मोठे सिलिंडर मिळतात. कवच कापावं लागत नाही, आठवड्यात काम होतं. पण भोक मोठं करून बाहेरचं माप तेच ठेवायचं म्हणजे भिंत पातळ होणार, आणि पातळ भिंत तापली की वाकणार. एकतीस वर्षं भोकं पाडलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. तरी तिने तेच बसवले, कारण तिला बर्फ पडायच्या आत चाचणी घ्यायची होती.

सप्टेंबरात बहीण आणि सामान यांच्याऐवजी दोनशे किलो वाळूची पोती भरून ती जवळच्या ओबरयोख घाटाच्या चढावर गेली. अर्ध्या वाटेत तिसरा सिलिंडर तापला आणि पिस्टन आतल्या आत जाम झाला. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने गाडी ओढत आणून सोडली.

बुर्गी खिडकीतच होती. "काय गं, पोचलीस इटलीला?"

"घाई केली," रोस्विथा म्हणाली. "माहीत होतं, तरी केली." तोंड न धुताच ती पुन्हा गाडीखाली शिरली.

आता तिने जाड भिंतीचे सिलिंडर मागवले. साडेनव्वद मिलिमीटरचे, म्हणजे सोळाशेचे पावणेअठराशे सीसी. पण ते बसायचे तर इंजिनाच्या कवचातली चारही भोकं आणि सिलिंडरवर टोपीसारखी बसणारी दोन्ही हेडं मोठी करून घ्यायला हवीत. ते काम ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हती. तिचं जुनं मशीन कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये अजून उभं होतं. शेड लोथारच्या ताब्यात. लोथार तिच्यासोबतच कामाला लागलेला; तिचं काम सुटलं होतं, तो आता तिथला मुख्य झाला होता.

"विमा नाही, रोस्विथा," लोथार म्हणाला. "तू आता इथली कामगार नाहीस."

पुढच्या आठवड्यात ती परत गेली. "हा कारखाना आहे, गॅरेज नाही," लोथार म्हणाला आणि फोन उचलून बसला.

तिसऱ्या खेपेला ती बुर्गीला घेऊन गेली. मीच गाडी चालवली, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलंय. रोस्विथाने खुर्ची लोथारच्या केबिनच्या दारात आडवी लावली आणि ब्रेक दाबला. आता लोथारला बाहेर पडायला वाट नाही.

"लोथार," बुर्गी म्हणाली, "सव्वीस वर्षं माझ्या हातचं गिळलंस. शुक्रवारी चीजच्या जाड शेवया, स्पेट्झले, दोनदा घ्यायचास, वर तळलेला कांदा जास्त मागायचास. मी कधी विम्याचं विचारलं तुला?"

"बुर्गी, अगं नियम असतात..."

"माझा एक हात गेला. हिचे दोन्ही चालतात. हिला मशीन दे, नाहीतर मी इथून हलत नाही. मला काय, मी बसलेलीच आहे."

लोथार हसू दाबत होता, पण त्याचे डोळे भरून आले होते. "शनिवारी सकाळी सातला ये," तो रोस्विथाला म्हणाला. "कागदावर काम माझं. तू पाहुणी."

शनिवारी पाहुणीने कामाचा कोट चढवला. कवच मशीनवर बांधून मधोमध आणायलाच तिला दोन तास लागले. मापकाची सुई जरा हलली की सैल करायचं, पुन्हा बांधायचं. प्रत्यक्ष कापायला एका भोकाला दहा मिनिटं. कवचाच्या मॅग्नेशियमचा कीस पेट घेऊ शकतो, म्हणून मुख्य साहेब दिवसभर वाळूची बादली घेऊन शेजारी उभे. शेवटचं भोक मोजून झाल्यावर लोथारने स्वतः पुन्हा मोजलं. मापक तिच्या हातात देत म्हणाला, "तुझ्या जागी आम्ही संगणकाचं मशीन आणलं. ते एवढं कुरकुर करत नाही, एवढाच फरक."

हिवाळाभर त्यांच्या स्वयंपाकघरात इंजिन पसरलेलं होतं. चारही पिस्टन एकाच वजनाचे असावे लागतात, नाहीतर इंजिन थरथरतं. हे काम बुर्गीने मागून घेतलं. केकचं पीठ मोजायच्या काट्यावर ती एकेक पिस्टन ठेवायची आणि डाव्या हाताने आकडे लिहायची. व्यायाम करून घेणारी बाई आठ महिने त्या हातात पेन्सिल देत होती, बुर्गी फेकून द्यायची. आता मोडकेतोडके सात आणि नऊ काढत बसायची. "हा चार ग्रॅमने माजलाय," असं ओरडायची, की रोस्विथा त्या पिस्टनला आतून घासायची. पुन्हा काटा, पुन्हा घासणं.

पहिल्या वेळच्या चुकीचा दुसरा अर्धा भागही रोस्विथाने शोधून काढला होता. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी जुनी होऊन फाटली होती आणि खालची गरम हवा वर खेचली जात होती. तिने पट्टी नवी घातली, तेल थंड करणारी जाळी मोठी बसवली आणि तेलाच्या तापमानाचा काटा बुर्गीच्या समोर लावला.

एप्रिलमध्ये गाडी तपासणीला गेली. तपासनीस हास्लाख हा शिस्तीचा माणूस. त्याने कागद दोनदा वाचले, ब्रेक तपासले, धूर मोजला.

"कवच कुणी कापलं?"

"मी," रोस्विथा म्हणाली. लोथारचा कागद समोरच पडला होता, त्याच्यावर लोथारचं नाव होतं.

हास्लाखने कागदाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे पाहिलं. "मी ऐकलं नाही," तो म्हणाला आणि वाळूची पोती भरलेली गाडी स्वतः चढावर नेऊन आणली. परत आल्यावर नोंदवहीत इंजिनाचा नवा आकडा लिहून शिक्का मारला.

जूनमध्ये त्या निघाल्या तेव्हा रोस्विथाने मला सांगितलं, "घाटमाथ्यापर्यंत मागे राहा. भोंगे वाजवणारे माझ्या शेपटीला नकोत." मी आमच्या गाडीने मागे राहिले. तीव्र चढावर ती दुसऱ्या गिअरवर आली, पण पहिल्यावर गेली नाही. खिडक्या उघड्या होत्या, बुर्गीचा आवाज मला मागे ऐकू येत होता. "शंभर! एकशे दोन! एकशे पाच! रोस्विथा, वाढतंय!"

"वाढू दे. एकशे वीसला सांग."

एकशे आठवर काटा थांबला. ज्या वळणावर गेल्या वर्षी गाडी बंद पडली होती, तिथे रोस्विथाने एका दुधाच्या टँकरला मागे टाकलं. गरज नव्हती. टाकलं.

माथ्यावर तिने गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवून मागे गेली, झाकण उघडून कान लावला. आवाज एकसारखा होता. मग ती तिथेच पायरीवर बसली.

बुर्गी आतून म्हणाली, "आता तिथेच बसून राहणार आहेस का? तळं अजून पावणेतीनशे किलोमीटर आहे. आणि मला भूक लागलीये."

रोस्विथाने उठून मला हात केला, दार लावलं आणि गाडी उताराला लागली.

त्यानंतर त्या सात उन्हाळे गार्डाला गेल्या. बुर्गी गेली ती आठव्या वर्षी, मार्चमध्ये, घरच्या बिछान्यात. त्या जूनला रोस्विथाने लिफ्ट काढली नाही. रिकाम्या लिफ्टचं वजन घेऊनच ती घाट चढली.