हनुवटीवरचे तीन ठिपके

माझ्या बायकोच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. लहानपणी गावच्या जत्रेत गोंदून घेतलेले. तीस वर्षं मी ते रोज बघितले आणि मला त्यांचं काही वाटलं नाही. मुलाचं लग्न ठरायला आलं तेव्हा वाटायला लागलं.

मुलगी मुलुंडची, आईबाप दोघं शिक्षक. आम्ही नाहूरला. मी सातवी नापास, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केलेला. बायकोला म्हटलं, "ती लोकं यायच्या आत हे काढून टाकू. आडाणी दिसतं."

ती म्हणाली, "आडाणी तर तुम्ही पण आहात. तुमचं काय कापायचं?"

मी हसलो नाही. भांडलो. आठवडाभर तिच्या हातचा चहा घेतला नाही. शेवटी तीच म्हणाली, "चला, कापा एकदाचं."

घाटकोपरला एका डॉक्टरकडे नेलं. तेवढी कातडी काढून टाके घालू, बारीक रेघ राहील, असं ते म्हणाले. एखाद्याची जखम जाड होऊन भरते, हेही सांगितलं त्यांनी. ती तेव्हा बाहेर बाकावर बसलेली. मी तिला ते सांगितलं नाही.

टाके निघाले तेव्हा ठीक होतं. मग तिथं मांस वाढायला लागलं. दोन महिन्यांत पावट्याच्या दाण्याएवढा गुलाबी, चकचकीत फुगवटा. खाजायचा. त्यात इंजेक्शनं दिली. पहिल्याच वेळी तिनं माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. तिसऱ्यानंतर ती गेलीच नाही. म्हणाली, "आधी कुणी विचारलं तर गोंदलंय म्हणून सांगायची. आता काय सांगू?"

मुलीकडची आली आणि त्यांनी विचारलंच. मी पटकन बोललो, "गाठ होती. काढली." बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोह्यांच्या बश्या उचलल्या. मुलगाही गप्प. तेव्हापासून घरात ती गाठच झाली. लग्नात ती तोंडाला पदर लावून फिरली. लोक म्हणाले, विहीणबाई लाजऱ्या आहेत. माझी बायको आणि लाजरी! बाजारात मासेवालीला रडवायची ती.

यंदा ती गेली. तेराव्याला फोटो लावायचा, तर मोबाईलमधल्या सगळ्या फोटोंत पदर. एकच जुना सापडला, गोराईच्या बोटीतला, तोंड उघडं टाकून हसतेय. तो मोठा करायला स्टुडिओत दिला. संध्याकाळी आणायला गेलो तर फोटोवाला खुशीत.

"काका, हनुवटीवर डाग होते ना, साफ करून टाकले. बघा, झकास!"

हनुवटी कोरी. मला हवी होती अगदी तशी. आणि बाई दुसरीच कुणीतरी.

"डाग नाहीत ते, गोंदण आहे. परत आण."

"काका, लोक उलट काढायला सांगतात."

"मी पण सांगितलं होतं. आण म्हटलं ना!"

पासपोर्टच्या फोटोला आलेली बाई माझ्याकडे बघायला लागली. फोटोवाल्यानं मुकाट दोन बटणं दाबली. ठिपके आले.

घरी सुनेनं फ्रेम पुसायला घेतली आणि थांबली. "बाबा, इथं तर गोंदलंय. गाठ कुठाय?"

मुलगा मोबाईलमध्ये मान घालून बसला. गाठ नंतर आली, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. बारा वर्षांची सवय.

"गाठ नव्हती," मी म्हणालो. "तुझ्या माहेरच्यांना आम्ही आडाणी वाटू नये म्हणून मी कापायला लावलं. तिला नको होतं."

सुनेनं त्या ठिपक्यांवरची काच पुसली. मग विचारलं, "चुकलं माझं, असं आईंना कधी म्हणालात?"

मी मान हलवली. नाही.

तिनं फ्रेम माझ्या हातात दिली आणि आत गेली. खिळा मीच ठोकला.