मानाचा पाला

चहा आधी संपवा. नाही, खरंच संपवा! हा किस्सा ऐकताना लोकांच्या नाकातून चहा आलेला मी पाहिलाय, आणि दुसऱ्याच्या नाकातून चहा आला की माझ्या तोंडाची चव जाते. घोडचूक माझी आहे. सांगणाराही मीच, म्हणजे तिखटमीठ लागणारच. पण पाल्याबद्दल जे सांगेन ते शंभर टक्के खरं. तिथं मीठ लावायला जागाच उरली नाही.

पोपटी माहीत आहे ना? नसेल तर पनवेलमध्ये राहून काय मिळवलंत? थंडीत वालाला शेंगा धरल्या की मडकं घ्यायचं. त्यात शेंगा, अंडी, रताळी, जाडं मीठ, ओवा. तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला गच्च कोंबायचा. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही! शेंगा शिजतात त्या पाल्याच्या वाफेवर, आणि वास लागतो तोही पाल्याचाच. भांबुर्डा म्हणजे तसं तणच. पण ते चुकलं की पोपटी मेली.

आणि लहानपणी हा पाला आणायचा मान कुणाचा? माझा!

आईचं माहेर चिरनेरच्या अलीकडे, एका खेड्यात. नाताळची सुट्टी लागली की आई मला एसटीत कोंबायची आणि आम्ही मामाकडे. आता भाच्याचा मान आपल्याकडे केवढा, ते काय मी सांगायला हवं? दरवाज्याएवढ्या छातीचा मामा आल्या आल्या माझ्या पाया पडायचा. माझ्या नाकाला शेंबूड, आणि मामा पायाशी! असल्या पोराचं डोकं ठिकाणावर राहील का?

पोपटीच्या दिवशी मामा सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचा, ‘‘पाला भाचाच आननार!’’ मी गोणपाट घेऊन निघायचो. पाला खुडायचा, चोळायचा, नाकाला लावायचा. वास डोक्यात गेला की तोच भांबुर्डा. मी गोणी आणून टाकली की थोरला मामेभाऊ सदादादा मला मीठ आणायला घेऊन जायचा, आणि परत येईपर्यंत धाकट्या जनाने मडकं भरलेलं असायचं. पहिली शेंग माझ्या हातात. मामा म्हणायचा, ‘‘पाल्याची चव हाय बग ही, भाच्या!’’

ही गोष्ट मी खांदा कॉलनीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर थंडीत सांगतो. दरवर्षी मडकं थोडं मोठं होतं. गेल्या खेपेला त्यात बोकड मावला.

तर आता मामाची शेतं नाहीत. तिकडे गोदामं झाली, कंटेनर एकावर एक चढले. शेतं गेली आणि दोन बंगले आले. सदादादाचा गुलाबी, जनाचा हिरवा. मध्ये एक भिंत. गुलाबीकडून गुलाबी, हिरव्याकडून हिरवी. पण भिंतीची वरची कड? ती कुणाच्या रंगाची? झालं! एवढ्यावरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद, ते कित्येक वर्षं. म्हातारा मामा सकाळी गुलाबी घरात जेवतो, संध्याकाळी हिरव्या.

या थंडीत मामाचा फोन आला.

‘‘भाच्या, डोल्यांना दिसत नाय आता नीट. पार अंधार व्हायच्या आदी दोगांना एका मडक्यातला खाताना बगायचा हाय. सगल्याची वाटनी झाली, मडक्याची करता येत नाय. तू पोपटी लाव. भाच्यानं बोलावल्यावर नाय कोन म्हनंल?’’

सांगा, छाती फुगेल की नाही? मी म्हटलं, ‘‘मामा, तू फक्त बस. सगळं माझ्यावर सोड.’’

इथंच, मंडळी, इथंच मामानं फोन आपटायला हवा होता.

रविवारी दिवस कलायच्या सुमाराला मी पोचलो. गोदामाच्या भिंतीमागे मामाचा एक तुकडा उरलाय, दोन खाटा टाकल्या की भरेल एवढा. मामा मध्ये खुर्चीवर. सदादादा एका टोकाला, जना दुसऱ्या टोकाला. मध्ये मडकं. दोघं मडक्याकडे असे बघत होते, जणू त्यात नाग आहे.

मी गोणपाट झटकलं आणि जाहीर केलं, ‘‘पाला मी आणणार!’’

आणि काय सांगू, त्या क्षणी कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या दोन भावांनी एकमेकांकडे बघितलं! बघितलं, आणि दोघांनीही माना खाली घातल्या. माझे डोळे भरून आले. म्हटलं, बघ, जुन्या आठवणीत किती ताकद असते!

‘‘ऱ्हाऊंदे रे सुरेश,’’ सदादादा म्हणाला. ‘‘तू अंडी पूस. पाला आनतो मी.’’

‘‘नाय तर मी आनतो,’’ जना मडक्याला म्हणाला. ‘‘सुरेशदादा, तुजी पँट खराब होईल.’’

‘‘पँटची काळजी तू करू नको! मान माझा आहे. मामा, सांग यांना!’’

मामानं खुर्चीचे हात चाचपले. मग हळूच म्हणाला, ‘‘जाऊंदे त्याला. भाच्याला दुखवायचा नाय.’’

गेलो. गोदामाच्या कुंपणाला लागून हिरवंगार रान माजलं होतं. खुडलं, चोळलं, नाकाला लावलं. वास काय, थेट मेंदूत! लहानपणीचाच तो! मी गोणीभर आणून मडक्याशी ओतलं. दोघं भाऊ त्या ढिगाकडे बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले.

सदादादा उठला. ‘‘चल सुरेश, मीठ आनू.’’

‘‘मीठ? हे काय!’’ मी खिशातून पुडा काढला. तयारीनं गेलो होतो ना!

त्याचा चेहरा पडला. ‘‘हा नाय चालायचा. जाडा लागतो. चल.’’ आणि दंडाला धरून मला घेऊन गेला. दुकानात नव्हे, त्याच्याच गुलाबी बंगल्यात, मामीच्या स्वयंपाकघरात. तिथं त्यानं डबे उघडले, झाकले, पुन्हा उघडले. मामी म्हणाली, ‘‘काय शोदतोस?’’ तर म्हणे, ‘‘वेल.’’ म्हणजे वेळ! कुणी वेळ डब्यात शोधतं का? पण मला काही संशय? छे!

परत आलो तर जनाने मडकं गच्च भरून उपडं घातलेलं. पेटवलं. जाळ छान धरला. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे शिजली. काठीनं मडकं फिरवलं, केळीच्या पानावर ओतलं. वाफ उठली. मी पहिली शेंग मामाला दिली, दुसरी सदादादाला, तिसरी जनाला, चौथी स्वतःच्या तोंडात.

कारल्याचा रस काढा. त्यात किराईत उगाळा. वर जळकं रबर टाका. नाही, अजून कमी पडतंय! जीभ तोंडातून पळून जायला बघत होती. जनानं कुंपणापलीकडे थुंकी टाकली. सदादादाचे डोळे पांढरे. अंडं सोललं तर आतला बलकसुद्धा कडू!

आणि मामा? मामानं शेंग चावली, गिळली, आणि म्हणाला, ‘‘पाल्याची चव हाय बग ही, भाच्या.’’

‘‘तू बदलला नाय काय?’’ सदादादा ओरडला.

कुणावर? जनावर! सरळ, तोंडावर!

‘‘काय बदलला नाय?’’

‘‘पाला! मी नेला ना याला मिठाला?’’

‘‘मंग? मला बोल्लास तू, बदल म्हनून?’’

‘‘लानपनी कवा बोल्लो होतो? मी मिठाला नेयाचा, तू पाला बदलायचास. सांगाया लागायचा काय?’’

‘‘तवा नाय लागायचा,’’ जना म्हणाला. ‘‘तवा तू भाऊस होतास.’’

जाळ तडतडत होता.

मी बोललो. माझ्याशिवाय कोण बोलणार? ‘‘एक मिनिट. बदलायचा म्हणजे?’’

दोघांनी मामाकडे बघितलं. मामानं जमिनीकडे.

‘‘सुरेश,’’ सदादादा म्हणाला, ‘‘तू आनतोस ती रानमोडी. भांबुर्डा नव्हं. गुरा पन तोंड लावत नाय तिला.’’

‘‘आज चुकलो असेन!’’

‘‘आज नाय रे. पयल्यापासना.’’

‘‘जना पाठीमागं भांबुर्ड्याचा भारा दडवून ठेवायचा,’’ मामा पुटपुटला. ‘‘तुजा पाला उकिरड्याव.’’

म्हणजे बघा! एवढी वर्षं गच्चीवर ज्या पाल्याच्या गोष्टी सांगितल्या, तो पाला मडक्यात कधी गेलाच नव्हता. माझा मान सुट्टीभर उकिरड्यावर वाळत पडायचा.

‘‘मामा, मग सांगितलं का नाहीस मला?’’

‘‘सांगितला असता तर तू रडला असतास. तू रडलास का तुजी आय रुसायची. बहीन माहेराला यायची बंद झाली तर? पाला काय, बदलता येतो.’’

मी पानावरची अंड्याची टरफलं वेचायला लागलो. आईला जाऊन बरीच वर्षं झाली.

तेवढ्यात जना फिसकन हसला. ‘‘दादा, याचा तोंड बग.’’ आणि सदादादा हसला. एकदा सुरू झाले ते थांबेनात. मामाही हलायला लागला. जनानं जाऊन खराखुरा भांबुर्डा आणला, सदादादानं मडकं घासलं, आणि दुसरी पोपटी लागली. मला कुणी काही धरायलासुद्धा दिलं नाही.

आता खरी गंमत. हसू ओसरलं, आणि पुन्हा शांतता. सदादादा गुलाबी बंगल्याकडे बघायला लागला, जना हिरव्याकडे. मामानं मान उचलून कानोसा घेतला. डोळ्यांना दिसत नाही, पण गप्प बसणं ऐकू येतं ना माणसाला!

मी घाबरून काहीतरी बोललो. ‘‘आठवतं? मी तळं पोहून पार केलं होतं!’’

‘‘तू?’’ दोघं एकदम! ‘‘तू काठाव आमचे कपडे धरून बसायचास!’’

‘‘एकदा चड्डी बी बुडवलीस माजी,’’ जना म्हणाला.

‘‘तुजी नव्हं, माजी!’’

‘‘दादा, माजी! पट्ट्यापट्ट्याची!’’

आणि लागले की बोलायला! चड्डीवरून मास्तरावर गेले, मास्तरावरून मामीच्या कोंबड्यांवर. मग पुन्हा थांबले. माझ्या लक्षात आलं. चुलीत लाकूड सरकवावं तसं मी पुढचं सरकवलं. ‘‘आणि शर्यतीची बैलगाडी मी हाकली होती, ती?’’

‘‘उभी होती गाडी! बैल गोठ्यात होते!’’

‘‘मी साप मारला होता?’’

‘‘कासरा होता तो! तू त्याच्याव पाय दिलास आनि बोंब मारलीस!’’

मंडळी, मी एकेक काढून देत गेलो. माझंच बालपण, माझ्याच हातानं. प्रत्येकाची साल निघत गेली आणि दोघं भाऊ खुर्च्या सरकवत जवळ आले. मामा दोघांच्या मध्ये बसून पोट धरून हसत होता. पोपटी उघडली, दोघांनी एकाच पानावरून खाल्ली. मला पहिली शेंग मिळाली, बरं का. मान तो मान! पण चव घ्यायला लक्ष होतं कुठं? मी पुढची आठवण शोधत होतो.

शेवटी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत चोरलेल्या आंब्यांवर आलो. ‘‘निदान ते तरी खरं? म्हातारा राखणदार काठी घेऊन मागे लागला होता आपल्या!’’

सदादादानं शेंग खाली ठेवली. ‘‘झाड आपलाच होता रे. आनि म्हातारा आमच्या आयचा बाप. बाबांनीच त्याला सांगितलेला, जरा वरडत धाव म्हनून. शेरातला पोर हाय, मजा वाटंल त्याला.’’

हे ऐकून ते दोघं नव्यानं खिदळले. मी उठून आगीवर उगाचच पाणी मारलं.

परत आलो तेव्हा त्यांना माझी गरज नव्हती. मामाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला कुणी न्यायचं यावरून दोघांचं जुंपलं होतं. ‘‘मी थोरला हाय!’’ ‘‘तुजी गाडी उंच हाय, बाबांना चढता येत नाय!’’ तोंडावर तोंड, बोट नाचवत. मामा डोळे मिटून ऐकत होता, आणि हसत होता.

माझ्याकडे एकच आठवण उरली होती. सगळ्यात लाडकी. गच्चीवरसुद्धा कधी सांगितलेली नाही. जिभेवर आली होती, पण गिळली आणि गाडीला किल्ली मारली.

कुठली म्हणता? वा! तुम्हाला सांगू, आणि तुमच्यातला एखादा त्या गावचा निघाला तर?