उसवलेली वीण

दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसले होते. शेजारच्या बाई स्वेटर विणत होत्या. मध्येच त्या थांबल्या, सुया काढल्या आणि वीतभर वीण सरळ उसवून टाकली.

"अहो, एवढं सगळं?" मी विचारलं.

"चूक पार खाली झालीय. मला आत्ता दिसली," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाके घालू लागल्या.

मला माझी ताई आठवली. आई गेली तेव्हा ताई दुसऱ्या दिवशी पोचली. आईचं जास्त झालंय हे मी तिला कळवलंच नव्हतं. उगाच धावपळ नको, आई होईल बरी, असं मला वाटलं होतं. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, मामांनाही, मी रडत सांगितलं, "ताई वेळेवर आली नाही." ताई कोपऱ्यात बसून ऐकत होती. एका शब्दानं बोलली नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. घरी येऊन मी तिला फोन केला.

"ताई, तेव्हा माझं चुकलं. मीच तुला कळवलं नव्हतं."

ती म्हणाली, "एवढंच मामांना सांगितलं असतंस गं."

मामांनी तेव्हापासून ताईशी बोलणं टाकलं होतं. ती दर दिवाळीला त्यांच्या दारात जाऊन परत यायची. मामांना जाऊन आता तीन वर्षं झाली.